पत्रकं थांबवा, समोरासमोर बसा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत चाकरमानी गावी आलेले असताना ख्रिस्ती पत्रकं वाटावीत की नाही, यावरून आपल्या पत्रव्यवहार सदरात चांगलीच जुंपली आहे. एका बाजूला हा धर्मांतराचा डाव वाटतो, तर दुसरी घटनेतल्या हक्कावर बोट ठेवते. आम्ही काही जण दक्षिण कोकणातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चांत) बायबल शिकवतो. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगावी हे आम्हाला मान्य आहे, पण ही पत्रकं बंद व्हावीत असंही आमचं स्पष्ट मत आहे. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवू. अनुच्छेद २५ प्रचाराची मोकळीक देतो, आणि त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे १९७७ च्या स्टेनिसलॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. आमची तक्रार वेगळी आहे. ही पत्रकं अडाणी असतात.

बहुतेक पत्रकं घाटावर किंवा त्याहून लांब छापलेली असतात. मूर्तिपूजा एवढा एक शब्द धरून चार पानं झोडपून काढायची, की झालं. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीत, राखणदार कोण, गाऱ्हाणं कोण घालतो, पाषाणाला कळे लावून देवाचा कौल कसा घेतात, मानकऱ्यांचा क्रम का मोडत नाहीत, यातलं अक्षरही त्यात नसतं. असं पत्रक हातात पडलं की गुरव हसतो आणि त्याची पुडी बांधतो. आम्ही त्याला दोष देणार नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याची श्रद्धा आधी त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावी लागते, आणि त्याला 'हो, आम्ही हेच मानतो' असं म्हणता येईल अशा शब्दांत ती परत सांगता यावी लागते. ते जमेपर्यंत उत्तर द्यायला तोंड उघडू नये.

पूर्वीच्या मिशनऱ्यांना हे कळत होतं. स्कॉटिश मिशन बाणकोटला आलं १८२३ साली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८२९ मध्ये मराठीचे धडे गिरवले तेही हर्णै-बाणकोटलाच. पुढे १८३१ मध्ये मुंबईत हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि दांडेकरांनी आपली बाजू पुस्तिकेत छापली. विल्सननी १८३२ मध्ये उत्तर छापलं तेव्हा आधी दांडेकरांच्या पुस्तिकेचं भाषांतर दिलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. भाषा त्यांचीही बोचरी होती, नावच हिंदू धर्म उघडा पाडण्याचं होतं. तरी वाचकाला दोन्ही बाजू एकाच बांधणीत मिळाल्या. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी (मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडमधले, शिरवलीचे) मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. त्याचा वृत्तांत छापला तो समोरच्या पक्षाच्या जॉर्ज बोवेन यांनी. आज आमच्यापैकी कोण असं करील?

त्याहून बोलकं उदाहरण बेने इस्राएलांचं, म्हणजे कुलाब्याकडच्या मराठी ज्यूंचं, शनवार तेल्यांचं. मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, आणि विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. ख्रिस्ती फारसं कुणी झालं नाही. हिब्रू आणि मराठी बायबल हाती आल्यावर ते आपल्याच धर्मात पक्के झाले. मिशनच्या हिशेबाने हे अपयश. आमच्या मते कोकणात मिशनने केलेलं सर्वांत चोख काम हेच.

आता बैठक कशी घ्यावी ते सांगतो, कारण नुसतं 'संवाद करा' म्हणून काही होत नाही. जागा वाचनालयाची किंवा शाळेच्या वर्गाची. देऊळ नको, चर्चही नको. विषय एकच असावा, तो आधी कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. 'खरा देव कोणता' हा विषय घेतलात तर दहाव्या मिनिटाला भांडण. 'कर्म आणि क्षमा' घ्या, दोघांकडेही सांगण्यासारखं भरपूर असतं. प्रत्येकाला २० मिनिटं, मग उत्तराला १०, नंतर चिठ्ठीवर लिहून आलेले प्रश्न. माणसं ३० च्या आत ठेवा, त्यापुढे सभा होते आणि वक्ता टाळ्यांसाठी बोलू लागतो. १८ वर्षांखालची मुलं नकोत. गीतेतला श्लोक किंवा ज्ञानेश्वरीतली ओवी वाचायची असेल तर ती त्या बाजूच्या माणसाने वाचावी, बायबल आम्ही वाचू.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. आमचा माणूस युक्तिवाद संपला की साक्षीवर येतो, 'मला शांती मिळाली' म्हणतो. त्यावर समोरचा नवसाला पावलेल्या देवाची गोष्ट सांगतो, आणि दोघंही जिथल्या तिथे. दुसरी खोड, आपल्याकडचा संत घ्यायचा आणि त्यांच्याकडचा भोंदू घ्यायचा, मग तुलना करायची. तिसरी सगळ्यांत वाईट. बैठकीचा फोटो देणगीदारांच्या अहवालात 'सत्यशोधक', म्हणजे ख्रिस्ती धर्माकडे वळू पाहणारे, म्हणून छापला जातो. हे एकदा गावात कळलं की पुढची दहा वर्षं कुणी बसायला येत नाही, आणि येऊही नये. म्हणून फोटो नाही, फोन नंबरांची वही नाही, शेवटी 'ज्यांना प्रार्थना हवी त्यांनी हात वर करा' हेही नाही. आमच्याच लोकांना हे फार जड जातं.

गणपतीला शेजाऱ्याकडे जावं का, प्रसाद घ्यावा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, की कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते विचारपूस न करता खा. हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. म्हणजे शेजाऱ्याकडे जायला, आरास बघायला, त्याच्या माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या चौकटीला) हातभार लावायला कुठेच मनाई नाही. प्रसाद नको असेल तर हात जोडून तसं सांगावं. आपल्याकडची माणसं ते समजून घेतात. नाक मुरडून दाराबाहेर उभं राहणं कुणालाच रुचत नाही.

आजार बरे करण्याच्या सभांबद्दल आम्ही कडक आहोत. प्रार्थना करा, पण सुरुवातीलाच सांगा की कुणीही गोळ्या बंद करायच्या नाहीत. क्षयरोगाचा कोर्स मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा पाळकालाही तितकाच लागू आहे.

आमचं कुणाला पटत नसेल, तर २०११ चा दस्तऐवज तरी वाचावा. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून अन्य धर्मीयांमध्ये साक्ष कशी द्यावी याची १२ तत्त्वं दिली आहेत. धर्म बदलणं हे मोठं पाऊल आहे, त्याला विचाराला आणि तयारीला पुरेसा वेळ हवा, असं त्यात आहे. आम्ही म्हणतो निदान एक वर्ष. घरात दवाखान्याचं बिल थकलेलं असताना बाप्तिस्मा नको, आणि घरच्यांपासून लपवूनही नको. उलट आमचा कुणी आपखुशीने परत हिंदू झाला, तर त्यावर ओरड करण्याचाही आम्हाला अधिकार नाही.

राहिले ख्रिस्ती नावाने येणारे वादग्रस्त पंथ. यहोवाचे साक्षीदार दारात आले की आमचे लोक त्यांना हाकलतात, कधी पोलिसांत जातात. हे साफ चूक. राष्ट्रगीत न म्हणता आदराने उभ्या राहणाऱ्या त्यांच्या केरळमधल्या मुलांना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालाची सावली आमच्याही डोक्यावर आहे. त्यांना घरात बसवा, चहा द्या आणि दोनच गोष्टी नीट विचारा: येशू हा निर्माण केलेला असं का मानता, आणि रक्त घेण्याला मनाई कशावरून. रक्ताचा प्रश्न कुटुंबासमोर विचारावा, कारण ऑपरेशनच्या वेळी तोच जिवावर बेततो.

साक्षीदार निदान आपलं नाव सांगतात. फोनवरून चालणाऱ्या काही बायबल वर्गांचं तसं नसतं. कोरियातल्या शिनचिओनजी या १९८४ मध्ये निघालेल्या पंथाबद्दल मुख्य तक्रार हीच आहे, की शिकणाऱ्याला कित्येक महिने संस्थेचं नावच कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: संस्था कोणती, प्रमुख कोण, हा वर्ग चालू आहे हे घरी आणि आपल्या पाळकांना सांगितलं तर चालेल का? 'अजून सांगू नका' असं उत्तर आलं तर तिथेच फोन ठेवा.

पत्रकं बंद होईपर्यंत हाच नियम त्यांनाही लावावा. ज्या पत्रकावर मंडळीचं नाव, गाव आणि चालू फोन नंबर नाही, ते आमचं समजू नये, आणि आपल्या वार्ताहरांनी बातमी करण्याआधी तेवढं पाहून घ्यावं ही विनंती.

आपले,
बायबल अभ्यासवर्ग चालवणारे काही वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग