चोर्ला घाटातल्या टेम्पोवाल्यांचे आभार

रविवारी आईला घेऊन चोर्ला घाट उतरत होते. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली. लिव्हर खाली, पण मागचे ब्रेक आवळलेलेच. केरीच्या अलीकडे जळका वास, चाकातून धूर, ब्रेकचं पेडल मऊ. मी बाटलीतलं पाणी ओतणार, तोच मागच्या टेम्पोतले दोघे धावत आले. "ताई, पाणी नको! तापलेल्या ब्रेक ड्रमाला तडा जातो."

चाकांना दगड लावले, ड्रम निवेपर्यंत थांबले, मग गाडीखाली झोपून केबल सैल केली. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, हे शांतपणे समजावलं. तोवर आईला टेम्पोत स्वतःच्या सीटवर बसवून शहाळं फोडून दिलं होतं. गोव्यातल्या साखळी शहरातल्या गॅरेजपर्यंत हळूहळू आमच्यासोबत आले. पैसे घेतलेच नाहीत.

भावांनो, देव बरें करूं!