मुक्ताच्या कुकरविषयी

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला नारायण पेठेत खोली मिळाली हे फार चांगलं झालं. घरमालक खोलीत गॅस ठेवू देत नाहीत म्हणून ती विजेचा राइस कुकर घेणार आहे, आणि कुठला घ्यावा असं तू विचारलं आहेस. चांगल्या कंपनीचा, एक लिटरचा कुठलाही घे. एकटीला तो पुरून उरतो. माझा जीव अडकतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींत: कुकरच्या पोटातली मधली चकती आणि भिंतीतलं अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी वायर. हा कुकर आपोआप बंद होतो या भरवशावर लोक तो लावून आंघोळीला जातात. ते आपोआप बंद होणं चकतीवर उभं आहे आणि शॉक न बसणं अर्थिंगवर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र मुक्तालाही वाचायला दे.

आधी भिंतीचं बोलू. पेठांतल्या जुन्या वाड्यांत बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण कित्येकदा वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. नंतर कोणीतरी दोन पिनांचं काढून तीन पिनांचं बसवलेलं असतं, एवढंच. कुकरचं बाहेरचं अंग पत्र्याचं असतं. आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली आणि अर्थिंग नसलं, तर तो पत्रा तसाच जिवंत राहतो. कुकर चालतो, दिवा लागतो, भातही होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी कुकरच्या पत्र्याला हात लावला की मग कळतं. तेव्हा सामान हलवण्याआधी वायरमन बोलावून त्या एका सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला की तो फेज आणि न्यूट्रलमध्ये लागतो तितकाच प्रखर लागला पाहिजे. मिणमिणता लागला तर अर्थिंग नावापुरतं आहे. (लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, असेल तर या चाचणीने ती पडेल. तो बिघाड नव्हे.)

ही आरसीसीबी नसेल तर घरमालकांना विनंती करून ३० मिलिअँपिअरची बसवून घ्या, खर्च आपण करू म्हणावं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येतो की नाही हे ती सतत ताडून पाहते आणि तेवढा फरक पडला की क्षणात वीज तोडते. एमसीबी हे काम करत नाही. ती जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी आहे. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट एमसीबीच्या गावीही नसतो. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे.

लोडचा हिशेब सोपा आहे. एक लिटरचा कुकर साधारण ४०० वॅटचा, १.८ लिटरचा ७०० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर ७०० वॅट म्हणजे तीन अँपिअर, म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो बिनघोर चालतो. पण त्याच बोर्डावर मल्टीप्लग लावून १५०० वॅटची पाण्याची किटली चालवली की बेरीज साडेनऊ अँपिअरवर जाते आणि सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या तापू लागतात. तापल्या की सैल होतात, सैल झाल्या की आणखी तापतात. प्लगच्या पिनांभोवती प्लॅस्टिक तपकिरी दिसलं किंवा जळकट वास आला, तर ते सॉकेट बदलायचं, चालतंय तोवर चालवायचं नाही. एक्स्टेन्शन बोर्ड शक्यतो नकोच. अगदी लागलाच तर तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, जाड तीन तारांचा, आयएसआय खूण असलेला आण. तिथे सगळंच मिळतं, दोन तारांच्या वायरला तीन भोकांचं सॉकेट जोडलेलंसुद्धा. उचलून पाहा, वायर हलकी आणि बारीक लागली तर ठेवून दे. कुकरच्या तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारा अडॅप्टर मात्र घरात येऊच देऊ नकोस.

आता कुकरच्या आत. आतलं भांडं उचललं की खाली अ‍ॅल्युमिनियमची जाड थाळी दिसते. तापणारी कॉइल तिच्यात ओतीव बसवलेली असते. थाळीच्या मधोमध रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती आहे. बोटाने दाबली तर खाली जाते आणि सोडली की स्प्रिंगने वर येते. कुकरची अक्कल इथे आहे. चकतीच्या आत एक चुंबक आणि त्याला चिकटणारा फेराइटचा तुकडा असतो. आपण खटका खाली दाबतो तेव्हा हे दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि थाळीला वीज मिळते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ पाण्याच्या उकळण्याच्या वर फारसा जात नाही; पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याकडे ते साधारण ९८ अंश. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की तळ भराभर तापू लागतो. सुमारे १०३ अंशांना फेराइट आपलं चुंबकत्व सोडतो, स्प्रिंग चुंबकाला त्याच्यापासून दूर करते, खटका ‘टक्’ करून वर येतो. यात घड्याळ नाही. तळाला पाणी उरलं आहे की नाही एवढंच त्या चकतीला कळतं, आणि तेही ती भांड्याला नीट टेकलेली असेल तरच.

म्हणूनच भाताचं एक शीत सगळा घोटाळा करू शकतं. शीत थाळीवर पडलं आणि भांडं त्यावर बसलं, तर भांडं एका बाजूने उचललं जातं. थाळीची उष्णता भांड्यात जात नाही, थाळी नुसती तापते, चकती फसते आणि खटका दहा मिनिटांत वर येतो: भात कच्चा. तेच शीत चकतीच्या कडेच्या फटीत जाऊन वाळलं, तर चकती अडकते, वर येऊन तळाला टेकत नाही, आणि भात करपून धूर निघाला तरी वीज चालू. भांडं पडून तळाला पोचा आला तरी असंच होतं. तेव्हा भांडं ठेवण्याआधी थाळीवर एकदा हात फिरवायचा, चकती एकदा दाबून सोडायची, भांड्याचा तळ फडक्याने कोरडा करायचा आणि भांडं ठेवल्यावर डावी-उजवीकडे थोडं फिरवून नीट बसवायचं. तांदूळ या भांड्यात धुवायचे नाहीत, दुसऱ्या पातेल्यात धुवून मग घालायचे. बाहेरून ओलं भांडं ठेवलं की ते पाणी चकतीच्या भोकातून थेट खालच्या वायरिंगवर उतरतं.

पाण्याचं माप. बहुतेक कुकरबरोबर १८० मिलिलिटरचा पेला येतो, त्यात अंदाजे दीडशे ग्रॅम तांदूळ मावतो. मुक्ता इंद्रायणीच खाणार हे मला माहीत आहे. इंद्रायणीला फेस फार. दोन-तीन पाण्यांनी धुवून, पंधरा मिनिटं भिजवून, एका पेल्याला दोन पेले पाणी आणि अर्धा चमचा तूप. तुपाने फेस बसतो. तांदूळ जुना असेल तर पाणी सव्वादोन. कोलमला अडीचपर्यंत, भिजवलेल्या बासमतीला पावणेदोन पुरे. भांडं निम्म्याच्या वर भरू नये, नाहीतर पेज उतू जाऊन थाळीवर उतरते, तिथे जळून काळा थर धरते, आणि पुन्हा चकतीपाशी येऊन आपण अडकतो. खटका वर आल्यावर दहा मिनिटं भात मुरू द्यायचा आणि लाकडी उलथन्याने हलवायचा. स्टीलच्या डावाने नॉनस्टिकचा थर जातो. झाकण उघडताना आपल्यापासून लांबची कड आधी उचलायची, म्हणजे वाफ भिंतीकडे जाते. भिंतही वीतभर लांब हवी. कुकर पलंगावर, वर्तमानपत्रावर किंवा सतरंजीवर ठेवू नये, कारण खालच्या भोकांतून हवा खेळली पाहिजे. कडप्पा किंवा फरशीचा तुकडा सगळ्यात उत्तम.

आणि हे तिला दोनदा सांग: खटका वर आला म्हणजे कुकर बंद झाला नाही. तो ‘वॉर्म’वर गेला, थाळीला थोडी थोडी वीज मिळतच आहे. जेवण झालं की भिंतीचं बटण बंद करून प्लग काढायचा. ओढायचा तो प्लग धरून, वायर धरून नाही.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. खोल्यांवर राहणारी मुलं याच कुकरमध्ये फोडणी करतात. तेल १०३ अंशांच्या पुष्कळ वर जातं, म्हणून खटका लगेच वर येतो. मग कोणीतरी युक्ती सुचवतं की खटक्यात चमचा अडकवून ठेव, नाहीतर चिकटपट्टी लाव. असं केलं की चकती बाद झाली. थाळी तापत राहते आणि पुढे वीज तोडणारा एकच रखवालदार उरतो: थर्मल फ्यूज. तळाच्या पत्र्याआड, पांढऱ्या जाळीदार नळीत घातलेली ही पेन्सिलीपेक्षा बारीक वस्तू ठरलेल्या तापमानाला एकदाच उडते आणि कायमची मरते. तो उडाला की कुकरचा दिवाही लागत नाही. काही दुरुस्तीवाले अशा वेळी तो काढून तिथे साधी वायर जोडतात आणि ‘डायरेक्ट करून दिलंय’ म्हणतात. डायरेक्ट केलेला कुकर घरात ठेवायचा नाही. फ्यूजच्या अंगावर अंश सेल्सियसचा आणि अँपिअरचा आकडा छापलेला असतो, तेच दोन आकडे असलेला नवा बसवायला सांग. त्याला डाग द्यायचा (सोल्डर करायचा) नाही, डागाच्या उष्णतेनेच तो उडतो. टोकं नळीत दाबून जोडायची. आणि तो उडाला का, हे शोधल्याशिवाय नवा लावण्यात अर्थ नाही. मुक्ताला फोडणीचं काही करायचंच असेल तर इंडक्शनची वेगळी शेगडी घे. पण ती २००० वॅटची, तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि वेगळी लाइन लागते, हे घरमालकांशी बोलल्याशिवाय करू नकोस.

थाळी पुसायची ती प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर, पिळलेल्या ओल्या फडक्याने. जळका डाग असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून भुकटी कोरड्या ब्रशने काढायची. कुकरचं अंग नळाखाली कधीही धरायचं नाही. भांडं साध्या अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर त्यात चिंच-कोकमाचं काही ठेवू नये. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने तळाशी पांढरा थर धरला तर लिंबाचं पाणी उकळून निघतो. पावसाळ्यात आणखी एक. सुट्टीत महिनाभर कुकर पडून राहिला की कॉइलच्या नळीत वीज अडवायला भरलेली भुकटी दमट होते आणि लावल्या लावल्या आरसीसीबी पडते. अशा वेळी आरसीसीबीला दोष देऊन ती काढू नये. कुकर दोन दिवस उन्हात कोरडा होऊ द्यावा. तरीही पडली तर थाळी बदलावी, कॉइल वेगळी मिळत नाही. झुरळंही तळाच्या उबेला फार येतात, म्हणून वापर नसताना कुकर स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावा.

दुरुस्तीला नेल्यावर मीटर लावून बघायला सांग. ७०० वॅटच्या थाळीचा रोध पंचाहत्तर ओहमच्या आसपास, ४०० वॅटचा एकशेतीसच्या आसपास येतो. फेज-न्यूट्रलच्या पिना आणि पत्रा यांत मात्र काहीही वाचन येता कामा नये, आणि अर्थची पिन व पत्रा यांत जवळजवळ शून्य. अंगातली वायर बदलली तर ती उष्णतेला टिकणारीच हवी. साधी पीव्हीसी वायर थाळीपाशी वितळते.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे तिला कळेलच. मध्येच गेली तर खटका बहुधा खालीच राहतो आणि वीज आल्यावर कुकर आपोआप सुरू होतो, म्हणून बाहेर पडताना प्लग काढावा. अर्धाकच्चा कोमट भात दोन तासांहून जास्त पडला असेल तर टाकून द्यावा. भात शिजवल्यावरही टिकणारे जंतू त्यात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

वाफेने भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. टूथपेस्ट नाही, तूप नाही. कोणाला शॉक बसला तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडायचा. मेन कुठे आहे हे तिने पहिल्याच दिवशी घरमालकांकडून पाहून घ्यावं, वाड्यात तो बरेचदा जिन्याखाली असतो.

कुकर घेण्याआधी बोर्डाचा आणि मीटरपाशी असलेल्या स्विचांचा फोटो मला पाठव. माझा नेहमीचा वायरमन शनिवारी पेठेतच असतो, त्याला तिकडे पाठवतो. वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर