बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

महोदय,

मी काळाचौकीचा वृत्तपत्र विक्रेता. पहाटे चारला दादरहून गठ्ठे उचलायचे आणि सातच्या आत लाइन टाकून मोकळं व्हायचं, असा माझा दिनक्रम. आपल्या पुरवणीत पावसाळ्याआधी दुचाकीची काळजी कशी घ्यावी, यावर लेख आला होता. त्यात ‘हॉर्न बसला की बॅटरी बदला’ असं वाचलं. हाच सल्ला ऐकून मी चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या, म्हणून हे पत्र.

माझी गाडी शंभर सीसीची, 2003 सालची, किकवाली. गेल्या पावसाळ्यात हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर लुकलुकायचे थांबले. मेकॅनिकने हेडलाइट लावून पाहिला. तो लख्ख. ‘चार्जिंग ठीक आहे, बॅटरीच गेली,’ म्हणाला. मलाही ते पटलं. पण या बनावटीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही, तो इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलवर थेट चालतो. किकने गाडीही सुरू होते, कारण ठिणगीही बॅटरीवर अवलंबून नसते. त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडलं तरी गाडी धावत राहते. अंधारात वळणावर हॉर्न वाजत नाही, तेव्हा कळतं.

दुसरी बॅटरीही बसली तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून व्होल्ट मोजायचा तीनशे रुपयांचा मीटर आणला. रात्रभर उभ्या गाडीची चांगली, भरलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. गाडी चालू करून थोडी रेस दिली की आकडा 14 च्या जवळ जायला हवा. माझा 12.1 वर होता आणि रेस दिली तरी तिथेच. म्हणजे बॅटरीला काही पोचतच नव्हतं. साइड पॅनेल काढून रेग्युलेटरचा (बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा भाग) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला. पांढऱ्या वायरीच्या पिनेवर हिरवा कळंक चढला होता आणि भोवतीचं प्लॅस्टिक उष्णतेने तपकिरी पडलं होतं. कॉइलकडून बॅटरी भरायला जाणारी वायर नेमकी तीच. हेडलाइटची पिवळी शाबूत होती. पिन कापून नवी बसवली, अर्थिंगचा बोल्ट घासून आवळला. आकडा 14.1. तीच बॅटरी घरी चार्ज करून लावली, ती आजही चालते आहे.

मोबाइलवर व्हिडिओ बघून दुरुस्ती करणाऱ्यांना एक सांगायचं आहे. त्यात बहुधा तीन पिवळ्या वायरींची कॉइल असते आणि ‘वायर बॉडीला लागलेली दिसली की कॉइल खराब’ असं सांगतात. त्या गाड्यांना ते बरोबर आहे. माझ्यासारख्या गाडीत कॉइलचं एक टोक मुळातच अर्थला जोडलेलं असतं, त्यामुळे मीटर तसं दाखवणारच. मी चांगली कॉइल काढून टाकायला निघालो होतो.

याच्या उलटही होतं. आमच्या लाइनवरच्या एका मुलाच्या गाडीत रेस दिली की 15.8 दिसायचे. त्याच्या बॅटरीतलं पाणी दर महिन्याला आटायचं. रेग्युलेटर बदलला आणि ते थांबलं. त्यालाही आधी नवी बॅटरीच घ्यायला लावली होती.

मुंबईची खारी हवा आणि चार महिने पाऊस, यात वीस वर्षांच्या वायरिंगवर कळंक चढणारच. पेपरवाले, दूधवाले, कुरिअरवाले अशाच गाड्यांवर पोट भरतात आणि बॅटरीचे हजार रुपये त्यांच्या खिशाला जड जातात. मीटर लावायला दोन मिनिटं पुरतात. बॅटरी विक्रेत्यांनी नवी बॅटरी बसवताना रेस देऊन चार्जिंगचा आकडा वॉरंटी कार्डावर लिहून द्यावा आणि आपल्या पुरवणीनेही पुढच्या लेखात हा आकडा छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक वृत्तपत्र विक्रेता, काळाचौकी, मुंबई