संज्याचा नंबर माझ्या खाली आलाय

कोथरूड, पुणे

प्रिय अनघा,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच बोलतेस आणि मग माझं निम्मं राहून जातं, म्हणून लिहितेय. घरी सगळे बरे. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, बाबांची शुगर ताब्यात आहे.

आमची आणि संज्याची कंपनी एकत्र झाल्या, त्याची नवी सिनिऑरिटी लिस्ट, म्हणजे कोण आधी कोण नंतर याची यादी, लागली. दोन्ही कंपन्यांचे पायलट एकाच यादीत आणि निकष एकच, नोकरीला लागल्याची तारीख. माझी तारीख आपल्या बारामतीच्या ट्रेनिंगमधल्या संज्याच्या दीड वर्ष आधीची. त्यामुळे मी वर, तो खाली, मध्ये आमच्याकडची अख्खी एक बॅच. आणि विमानात मात्र तो कॅप्टन, डाव्या सीटवर चार पट्ट्या लावून, मी को-पायलट, उजवीकडे तीन पट्ट्यांवर. त्याच्या कंपनीत विमानं भराभर येत होती, त्याला कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, लवकर मिळाली. आमच्याकडे ना विमानं आली, ना कुणी कॅप्टन सोडून गेला. त्याची कमांड कुणी काढून घेत नाहीये. पण पुढचं सगळं या नंबरवर चालणार: वाइडबॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर कोण जाणार, ट्रेनर कोण होणार, बेस, म्हणजे ड्युटीचं शहर, कुणाला कुठला मिळणार. माझी कमांड झाली की पुण्यातली कॅप्टनची जागा त्याच्या आधी मला. तो किती वर्षं पुणे मागतोय हे तुला माहीत आहे. स्मिता आणि छोटी सिंहगड रोडला, आणि हा मुंबईत. सुट्टी लागली की एक्स्प्रेसवे. आपल्याकडे निवृत्ती पासष्टला, म्हणजे आज खाली गेलेला नंबर पुढची पंचवीस-तीस वर्षं पाठ सोडत नाही.

मागच्या आठवड्यात आमचं पहिल्यांदाच एकत्र रोस्टर लागलं. दिल्ली–पुणे. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! ज्याच्या पहिल्या सोलोनंतर, एकट्याने विमान उडवल्यावर, तू बादलीत बर्फ टाकून ते पाणी त्याच्या डोक्यावर ओतलंस, त्याच्याशेजारी बसून पुण्यात उतरायचं. ब्रीफिंगला आला आणि म्हणाला, ‘गुड इव्हनिंग, मॅम.’ मला, अनघा! मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. दिल्ली सोडल्यापासून कॉलआउट आणि चेकलिस्टखेरीज एक शब्द नाही.

लोहगावला शेपटीकडून वारा होता, स्पीड उतरत नव्हता. विमान तो उडवत होता. हजार फुटांवर अजून जास्तच होता, आणि तिथे बोलायचं काम माझं. मी ‘अनस्टेबल’ म्हटलं, म्हणजे असं उतरायचं नाही. त्याने एक क्षण वाद घातला नाही. गो-अराउंड, म्हणजे न उतरता विमान परत वर नेणं, इतका स्वच्छ केला की सिम्युलेटरमध्ये पोरांना दाखवावा, आणि दुसऱ्या वेळी अलगद उतरवलं. नियमाप्रमाणे यात कुणाचंच काही चुकलं नाही. गो-अराउंडबद्दल कुणाला जाब विचारायचा नाही, हे त्याच्या जुन्या मॅन्युअलमध्येही होतं, आमच्याही. पार्किंग ब्रेक लागला, चेकलिस्ट संपली, आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘नंबरला शोभेल असं बोललीस.’

हे मी घरी कुणाला समजावू? बाबा म्हणतील, लागलं असेल त्याला, सोडून दे. कंपनीतल्यांना सांगितलं तर आमच्याकडचे म्हणतील, बघा, त्यांची लोकं अशीच. तो असा नाही, हे तुला आणि मलाच माहीत आहे.

मला राग आला नाही, भीती वाटली. अप्रोचला, उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, विमान मिनिटाला सातेकशे फूट खाली येतं. उद्या उजवीकडे एखादा लाजरा मुलगा बसलेला असेल, नंबर त्याचा कॅप्टनच्या वर किंवा खाली, काहीही असो. ‘मी बोललो तर हे याला कसं वाटेल’ असा विचार करत तो पाच सेकंद गप्प बसला तर साठ फूट गेले. माझं बोलणं संज्याला नंबरचं बोलणं वाटलं, तरी त्याने थ्रॉटल पुढे केलेच, कारण तो संज्या आहे. सगळे तसे नसतात.

तशात दोन घरांच्या दोन तऱ्हा. त्यांच्याकडे कॅप्टनला केबिन क्रू नावाने हाक मारते, आमच्याकडे ‘सर’शिवाय बोलायची सोय नाही. त्यांच्याकडे विमान उभं राहिलं की क्रू स्वतः सीट आवरते, आमच्या मुली म्हणाल्या, आम्ही हे करणार नाही. त्यावर तिकडच्या मुलींनी काय उत्तर दिलं ते मी लिहीत नाही, आई पत्र वाचते. ही भांडणं मिटतील. एका डब्यातून खाल्लं की माणसं सुधारतात. नंबरचं तसं नाही, तो रोज छापील समोर असतो.

तुला २०१२ आठवतं? बारामतीत मेसच्या टीव्हीवर एअर इंडियाचा संप बघत होतो. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन झाली आणि पाच वर्षांनी ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग कुणाला द्यायचं यावरून एअर इंडियाचे मूळचे पायलट ५८ दिवस बाहेर राहिले. त्याच्या आधल्या वर्षी इंडियन एअरलाइन्सकडच्यांनी पगाराच्या बरोबरीसाठी दहा दिवस संप केला होता. तू इंडियन एअरलाइन्सवाल्यांच्या बाजूची, मी एअर इंडियावाल्यांच्या, आणि आपण दोन दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. (तेव्हाही तूच चुकीची होतीस, असं मला अजून वाटतं. वाइडबॉडीच्या कमांडसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्याच्या पोटात गोळा येणारच.) संज्या तेव्हा भाकरी मोडत म्हणाला होता, ‘एवढं मोठं विमान दारात उभं असताना भांडतात कसे?’

अमेरिकेचं मी आता नीट वाचलं. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या दोन विमान कंपन्या एकत्र आल्या. याद्या जुळवण्याचं काम जॉर्ज निकोलाऊ या लवादाकडे गेलं. २००७ च्या त्याच्या निवाड्यात यूएस एअरवेजचे सोळा-सतरा वर्षं मोजणारे, पण कपातीत घरी बसवलेले पायलट, अमेरिका वेस्टच्या नुकत्या लागलेल्यांच्या खाली गेले. यूएस एअरवेजवाल्यांचा आकडा मोठा होता, त्यांनी २००८ मध्ये जुनी संघटनाच मतदानाने घालवली आणि निवाडा न मानणारी नवी आणली. पुढे कोर्टकचेऱ्या. कंपनी एक, पण पूर्वेचे (यूएस एअरवेजचे) आणि पश्चिमेचे (अमेरिका वेस्टचे) पायलट वर्षानुवर्षं वेगवेगळे उडत राहिले. त्याआधी २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली, तेव्हा तिचे बहुतेक पायलट सरळ यादीच्या तळाला लावले, आणि कपात आली तसे ते घरी गेले. त्यावरून २००७ च्या शेवटी तिथे कायदाच झाला, की याद्या न्याय्य रीतीने मिसळा, जमत नसेल तर लवादाकडे जा. आपल्याकडे याद्या कशा मिसळाव्यात याचा असा कायदा नाही. कंपनी ठरवते आणि आपण मेल वाचतो.

बाबांना हे सांगत होते तर ते म्हणाले, मानाचे गणपती बघ. गुरुजी तालीम १८८७ ची, कसब्याचं मंडळ १८९३ चं, पण पहिला मान कसब्याला, कारण तो ग्रामदैवत. गुरुजी तालीम तिसरी. टिळकांनी निवाडा दिला असं सांगतात, आणि लक्ष्मी रोडवर आजही तोच क्रम. बाबांचं म्हणणं, तारखेचा नियम मोडता येतो, पण मोडणारा माणूस दोन्ही बाजूंनी मानलेला हवा. मला ते पटलं. इथे तसं कुणालाच विचारलेलं नाही.

आता खरं काम. आमच्या बाजूचे एक निवेदन फिरवत आहेत, ‘तारखेचाच निकष कायम ठेवा.’ त्यांच्या बाजूचं दुसरं आहे, ‘कमांडची तारीख धरा.’ माझ्याकडे आमचं आलंय. मी सही करणार नाही. मला तारीख फायद्याची आहे हे मला कळतं, आणि इतकी वर्षं उजव्या सीटवर थांबले त्याची किंमत मिळावी असं मनापासून वाटतं. पण त्याने कमावलेल्या कमांडची किंमत शून्य धरून ती मला नको. मी तिसरं लिहिलंय: निवृत्त न्यायाधीश नेमा, दोन्हीकडचे तितकेच लोक बसवा, कोण कुठल्या पदावर होता आणि किती वर्षं होता हे दोन्ही मोजा, आणि निवाडा लागेपर्यंत पुण्याचा बेस गोठवा. गोठवण्यात माझंही नुकसान आहे, होऊ दे. मसुदा सोबत पाठवतेय. तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली, लाल पेन घेऊन बस. हडपसरला ग्लायडरच्या रांगेत मी तुझा नंबर घेतला असं तू जे सगळ्यांना सांगत फिरतेस, त्याचा सूड मात्र त्यात काढू नकोस. ग्लायडर दोराने ओढून वर सोडणाऱ्या विंच-मशीनवाल्याने मला बोलावलं होतं, हे शंभरदा सांगून झालंय.

आणि त्या मसुद्यावर दुसरी सही मला संज्याची हवी आहे. एक वरचा नंबर, एक खालचा, एकाच कागदावर. मी फोन केला तर ‘मॅम’ म्हणेल. तुझा तो उचलतो.

तुझं काय? गोंदियात ऊन फार आहे का? तुझ्या त्या रडणाऱ्या विद्यार्थिनीचा सोलो झाला की नाही ते कळव. घराच्या हप्त्याचं मिटलं का? निनादला आशीर्वाद, पुस्तकं पोस्टाने निघाली आहेत.

निवेदनं महिनाअखेर जाणार आहेत. संज्याला त्याआधी फोन कर, आणि तो काय म्हणाला ते मला जसंच्या तसं सांग, गोड करून नको.

तुझी,
मेधा