चंद्राचा खर्च

बाबा, नमस्कार,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही चांगलेच तापलात, एकदा चंद्रावर जाऊन आले ना मग परत कशाला लोकांच्या टॅक्सचे पैसे जाळायचे म्हणून, आणि तेवढ्यात नेट गेलं, म्हणून आता निवांत लिहिते.

माझं म्हणाल तर जायला काही हरकत नाही. १९७२ नंतर तिथे कोणी माणूस उतरलेला नाही, अपोलोवाल्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली पण ती सगळी चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूची, आणि आता जायचंय दक्षिण ध्रुवाकडे, जिथे कायम सावलीत असलेल्या खड्ड्यांत बर्फ आहे. (चंद्रावर पाणी असल्याचं २००९ मध्ये कळलं ते आपल्याच चांद्रयान-१ वर बसवलेल्या नासाच्या उपकरणामुळे, हे इथे अमेरिकेत लोकांना सांगितलं की खरंच वाटत नाही!) आणि नासाचं अख्खं बजेट म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या खर्चात अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळे ते बंद केल्याने कोणाचं हॉस्पिटलचं बिल कमी होईल असं मला तरी वाटत नाही.

पण या मोहिमेचं बिल बघितलं की तुमचंच पटतं. नासाच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे त्यांच्या हिशोब तपासनिसाने, २०२२ मध्ये संसदेत सांगितलं की आर्टेमिसच्या, म्हणजे माणसांना परत चंद्रावर न्यायच्या या मोहिमेच्या, पहिल्या चार फ्लाइट्स प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलरला पडणार, म्हणजे आपले साधारण ३५ हजार कोटी, एका फेरीचे, आणि डेव्हलपमेंटचा खर्च यात धरलेलाच नाही. आपलं चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटीत झालं, आता त्यात माणूस नव्हता हे मान्य, पण तरी.

यात मला सगळ्यात काय खटकतं सांगू, ती इंजिनं. रॉकेटच्या बुडाशी चार असतात, नासाच्या जुन्या स्पेस शटल यानाच्या काळातली, तेव्हा ती यानाबरोबर परत यायची, खोलून तपासून पुन्हा लावायचे. आता तीच इंजिनं एकदा वापरून समुद्रात. तुम्ही कराड डेपोत अकाउंट्सला होतात, मुंबईला जाऊन आलेली एसटी दर वेळी खाडीत ढकलून द्या असं कोणी म्हटलं असतं तर व्हाउचरवर सही केली असतीत का? आणि हे असं का, तर २०१० मध्ये संसदेने कायद्यातच लिहून दिलं की शटलचंच सामान आणि जुनीच कंत्राटं जमेल तितकी वापरा, कारण अलाबामा, लुईझियाना, मिसिसिपी, युटा सगळीकडे कारखाने आणि सगळीकडे खासदार. मतदारसंघ सांभाळणं इथेही तेच हो.

त्या पहिल्या लाँचला, नोव्हेंबर २०२२, आम्ही रात्री पावणेदोनला टायटसव्हिलला नदीकाठी उभे होतो, आधी सगळं पिवळंधमक उजळलं आणि आवाज जवळजवळ मिनिटभराने आला, मागच्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. शेजारची एक बाई रडत होती, शटल बंद झाल्यावर तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती म्हणे. तिच्यापुढे मी इंजिनांचा हिशोब काढला नाही. तुमच्यापुढे काढला कारण तुम्ही बेरीज तपासल्याशिवाय सोडणार नाही.

डिसेंबरची तिकिटं अजून महाग आहेत, उतरली की काढते. आईला सांगा मेतकूट जास्त करून ठेव.

तुमची,
मनू