ॲसिडिटीची गोळी थांबवायची कधी?

महोदय,

तीन वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी आईला दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि त्यांनी पोट बिघडू नये म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल हे ॲसिडिटीचे औषध लिहून मिळाले. वेदनाशामक दहा दिवसांत संपले, पॅन्टोप्राझोल मात्र गेल्या महिन्यापर्यंत चालू होते. ते मीच आणत असे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण चिठ्ठी कोणी मागितली नाही, आणि कात्रीने कापून दिलेल्या पट्टीवर लाल चौकटीतली सूचनाही बहुतेक वेळा पुरती उरलेली नसे.

औषधाला दोष देण्याचा हेतू नाही. जठराच्या अस्तरातील आम्ल स्रवणारे पंपच बंद करणाऱ्या या गोळ्यांनी अल्सरच्या असंख्य रुग्णांची शस्त्रक्रिया टाळली आहे. अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्यांना किंवा रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या अनेक वृद्धांना त्या दीर्घकाळ लागतात. अशांनी हे पत्र वाचून त्या परस्पर बंद करू नयेत. परंतु साध्या जळजळीसाठी सहसा चार ते आठ आठवडे पुरतात. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे मोडण्याचा धोकाही काहीसा वाढलेला आढळतो. मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता माहितीपत्रकात नमूद करण्यास आपल्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये सांगितले होते. या औषधासोबत डॉम्पेरिडोन हे उलटीवरचे औषध असलेली कॅप्सूल तर आपल्याकडे गॅसवर सर्रास घेतली जाते. हृदयाच्या लयीवरील परिणामांमुळे युरोपच्या नियामकांनी २०१४ मध्ये हेच डॉम्पेरिडोन केवळ मळमळ व उलटीपुरते, तेही साधारणपणे एका आठवड्याच्या आत, मर्यादित केले.

शिवाय ही गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उलट जास्तच उसळते. आम्ही ती बंद केली, तर चौथ्या रात्री आई करपट ढेकरांनी उठून बसली आणि ‘बघ, मला ती लागतेच’ म्हणाली. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला आधी एक दिवसाआड, मग गरजेपुरते साधे पातळ अँटासिड असे करत महिनाभरात त्यातून सोडवले. (ती गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते, हेही आम्हाला तेव्हाच कळले, आई ती रात्री दुधाबरोबर घेत होती.)

डॉक्टरांना विनंती एवढीच, की या गोळीपुढे दिवसांचा आकडा लिहावा. आईची जुनी चिठ्ठी परवा सापडली. वेदनाशामकापुढे ‘१० दिवस’ आहे, पॅन्टोप्राझोलपुढची जागा कोरी आहे.

— एक वाचक, सातारा