बाबा, ओमला एकदा कारखान्यात घेऊन जा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. बाबा तुम्ही दोन वाक्यांत विषय संपवता, आई मध्येच जेवलीस का विचारते आणि मग राहूनच जातं. आईचा चष्मा अजून आला नसेल तर बाबा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

परवा रात्री साडेदहाला ओमचा फोन आला. सीईटीचा निकाल लागल्यापासून पोरगं गप्प गप्प आहे हे दादा म्हणाला होताच. कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि त्याने मला विचारलं, आत्या, मेकॅनिकलवाले, केमिकलवाले, तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले दिवसभर नेमकं करता काय? मला इतकं बरं वाटलं तो प्रश्न ऐकून, कारण मी फॉर्म भरला तेव्हा हे कुणाला विचारायचं असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मग हळूच म्हणाला, आजोबा म्हणतात कॉम्प्युटरच घे, एसीत बसून काम.

बाबा, तुम्ही असं का म्हणता ते मला कळतं. ३१ वर्षं साखर कारखान्यात पाक आटवायच्या पॅनवर उभे होतात तुम्ही. हंगाम संपत आला की मार्च-एप्रिलच्या उन्हात वर पॅन हाउसमध्ये काय उकाडा असायचा, रात्रपाळी करून आलात की बनियन पिळता यायचा आणि आई न बोलता पाण्याचा तांब्या पुढे करायची. आपल्या नातवाने तरी गार हवेत बसावं असं वाटणारच. मी कॉम्प्युटरच्या विरोधात नाहीये, ओमला खरंच आवडत असेल तर घेऊ दे, पण त्याने मला सांगितलं की त्याला कोडिंग जमतं, आवडतं असं नाही, आणि मिक्सर उघडून बसला की मात्र वेळ कळत नाही.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी सातवी-आठवीत असताना डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही पॅनमधनं तो दांडा ओढून काढायचात, चिमूटभर माल काचेवर पसरायचात आणि दिव्यासमोर धरून मला दाणा दाखवायचात. मग अंगठा आणि बोट चिकटवून हळूच लांब करायचात, तार किती येते बघायला. बारीक दाणा पडला, असं म्हणून तुम्ही कधी पाणी द्यायचात, कधी वाफ कमी करायचात. मला तेव्हा वाटायचं हे बोटाला कसं कळतं. मी इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं ते त्या बोटामुळे. तुम्हाला वाटलं मार्क कमी पडले म्हणून घेतलं, आणि मीही तसंच वाटू दिलं.

कॉलेजात गेल्यावर कळलं की तुम्ही जे बोटाने बघत होतात त्याला सुपरसॅच्युरेशन म्हणतात, म्हणजे पाकात एरवी मावेल त्याहून जास्त साखर विरघळलेली असणं. पॅनमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून पाक ६०-६५ डिग्रीलाच उकळतो, जास्त तापला तर साखर जळते, काळी पडते. पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला की नको असलेला नवा बारीक दाणा तयार होतो, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, तो पुढे सेंट्रिफ्यूगलच्या, म्हणजे गरगर फिरवून साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, जाळीतनं निसटतो आणि साखर मळीत जाते. आता पॅनला ब्रिक्स, म्हणजे पाकाचा घट्टपणा, मोजणारी यंत्रं लावतात, व्हॉल्व्ह आपोआप हलतात. ते काम माझ्यासारखी माणसं करतात. पण ती यंत्रं सेट करताना शेजारी तुमच्यासारखा पॅनमन उभा असावा लागतो, नाहीतर यंत्र बरोबर सांगतंय का हे सांगणार कोण.

ओमला मी हेच सांगितलं की ब्रँच कळायला वेबसाइट बघू नको, आजोबांचा कारखाना बघ. गव्हाणीत ऊस पडतो तिथपासून मेकॅनिकल सुरू. रोलरचे दात झिजले की रस कमी निघतो आणि रसातली साखर बगॅसबरोबर, म्हणजे चिपाडाबरोबर, बॉयलरमध्ये जळून जाते, म्हणून हंगाम चालू असताना सुद्धा रोलरवर वेल्डिंगचे ठिपके मारत राहतात. रस निघाला की केमिकल. चुना आणि सल्फर डायऑक्साइड टाकून रस साफ करायचा, पीएच ७ च्या आसपास धरायचा, आंबट झाला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, म्हणजे उतारा गेला, आणि चुना जास्त झाला तर रंग बिघडतो. बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तीच वापरलेली वाफ पुढे रस आटवायला जाते, मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, एका वाफेकडून दोन कामं. टर्बाइनवर वीज तयार झाली की इलेक्ट्रिकलवाले आले, ग्रिडशी मेळ बसवून ती बाहेर द्यायची. मिलचा तो धडधडणारा पाया सिव्हिलवाल्यांनी धरून ठेवलेला. आणि ऊस काट्यावर आल्यापासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचा हिशोब आता सॉफ्टवेअरवर, म्हणजे कॉम्प्युटरवालेही तिथे आहेतच.

माझं काम आईला अजून नीट कळलेलं नाही म्हणून तेही सांगते. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी एका पातळीवर ठेवायचं असतं, कमी झालं तर नळ्या जळतील, जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाईल. सोपं वाटतं ना? पण वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेलेली दिसते, खरं तर पाणी कमी होत असतं. नुसत्या पातळीवर विसंबलं तर यंत्र नेमकं त्याच वेळी पाणी तोडेल. म्हणून पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी, तिन्ही मोजून मग व्हॉल्व्ह हलवायचा. साखर कारखाना असो की माझा तारापूरचा प्लांट, तत्त्व हेच.

आणि ब्रँच म्हणजे नोकरी नव्हे हेही ओमला कुणीतरी सांगायला हवं. माझ्या बॅचच्या मेकॅनिकलवाल्या चौघी धरा, एक गाड्यांच्या सीटची टेस्टिंग करते, एक हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची हवा कशी खेळवायची त्याचं डिझाइन करते, एक मेंटेनन्समध्ये आहे, रात्री दोनला फोन आला तरी उठते, आणि चौथी पंप विकत सगळं पश्चिम महाराष्ट्र फिरते आणि त्यातच खूष आहे. डिग्री एकच, दिवस मात्र चार प्रकारचे. अष्टविनायकाला जाताना नारायणगावजवळ आईने विचारलं होतं ना, एवढ्या मोठ्या छत्र्या कसल्या? खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या ३० डिश, प्रत्येक ४५ मीटरची. तारे शास्त्रज्ञ बघतात, पण वारा आरपार जावा म्हणून डिश जाळीची करायची आणि एवढं धूड आकाशातल्या एका ठिपक्यावर रोखून धरायचं, हे सगळ्या ब्रँचच्या इंजिनिअरांनी मिळून केलं. विश्वेश्वरय्या पुण्यात सिव्हिल शिकले आणि १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पाणी ठराविक पातळीवर गेलं की दरवाजा आपला आपण उघडणार. माझ्या ड्रमचंच मोठं भावंड म्हणा ना.

पगाराचं बाबा तुम्ही म्हणता ते खरं आहे. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्यांना जास्त मिळतो. माझा पहिला पगार १४ हजार होता, आणि त्याआधी एका कंपनीत तर शिफ्टला मुलगी नको म्हणून तोंडावर सांगितलं होतं. घरी येऊन मी रडले होते आणि तुम्ही म्हणालात, पुढच्या सोमवारी दुसरीकडे जा. ओमला हेही लपवू नका, सगळं सांगा.

तर माझं मागणं एवढंच. फॉर्मची तारीख जायच्या आत त्याला कारखान्यात घेऊन जा. आत्ता गाळप बंद आहे, ओव्हरहॉलिंग चालू असेल, म्हणजे मिल उघडी, रोलर बाहेर काढलेले, पॅनच्या आतसुद्धा डोकावता येईल, हंगामात हे दिसतच नाही. रिटायर झाल्यापासून तुम्ही तिकडे गेलाच नाहीत असं आई म्हणाली. गेटवर ओळखतील तुम्हाला. त्याला पॅनचा दांडा दाखवा आणि घरी आल्यावर आईने साखरेचा पाक करायला घ्यावा, त्याला तार कशी बघायची ते तुमच्या बोटाने शिकवा.

पॅन हाउसचा जिना मात्र सावकाश चढा, गुडघ्याला पट्टा लावून. ओमचा हात धरा. आई, तू त्यांना नऊच्या आत घराबाहेर काढ, नंतर ऊन लागतं. मी रविवारी सुट्टीवर आहे, तिघंही घरी आलात की मला व्हिडिओ कॉल करा, ओमने काय काय बघितलं ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

तुमची,
ताई